आमचा सायलस स्वखुशीने आला नव्हता

३ जून, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. बायकोला, नोरीनलाही नाही. कपाटात, मोज्यांच्या मागे ठेवायची.

कारण एकच. आमच्या गावात पाणी मुरतंय.

आज वंशावळ मंडळाच्या बैठकीत बेरिल क्लूटर पुन्हा पहिल्या रांगेत. का? तर तिचा पूर्वज इंग्लंडात मेंढ्या चोरताना सापडला आणि बेड्या घालून इकडे टॅस्मानियात काळ्या पाण्यावर आला. तेवढ्या भांडवलावर ही बाई गेली नऊ वर्षं अध्यक्ष. आमच्या नोरीनच्या माहेरचे तर दोन कैदी, एक घरफोड्या आणि एक खोट्या नोटांवाला. सासुरवाडीला जेवायला गेलं की ते दोघे निघतातच.

आणि सॅचवेलांकडे? आमचा खापरपणजोबा सायलस सॅचवेल. श्रॉपशरचा नालबंद, घोड्यांना नाल ठोकायचा. घराण्यात पिढ्यान्पिढ्या एकच वाक्य सांगत आले, 'स्वखुशीने आला.'

स्वखुशीने! इतक्या लांब? मी तीस वर्षं पार्किंग इन्स्पेक्टर होतो. 'साहेब, दोनच मिनिटं गाडी लावली होती' म्हणणारा माणूस आणि 'स्वखुशीने आला' म्हणणारं घराणं, दोन्ही मी लांबून ओळखतो. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी कैदी पूर्वज म्हणजे लाज. लपवायचे. आता सगळे टी-शर्टवर छापतात आणि आमच्या आजीने सगळं आधीच लपवून ठेवलेलं.

संकल्प: शनिवार, २८ जूनला मंडळात माझं भाषण आहे. विषय, 'सायलस सॅचवेल: नालबंद की घोडेचोर?' तोवर पुरावा हातात पाहिजे. कुणावरही विश्वास ठेवायचा नाही.

रात्रीच्या जेवणाला आमची पोरगी टेगन आली होती. कॅनडातल्या कॅलगरीत काम मिळालं वगैरे सांगत होती. मी मान डोलावली. सव्वीस वर्षांची आहे, या वयात बोलतात. मागे ती मधमाश्या पाळणार होती. पोळं अजून शेडमध्ये रिकामं पडलंय.

५ जून, गुरुवार

गावच्या ग्रंथालयात. डेमियन नावाचा, जुन्या कागदांच्या खात्यावर बसलेला दाढीवाला. त्याने कैद्यांच्या नोंदींत तासभर शोधलं आणि हसत म्हणाला, "मर्विन, तुझा सायलस यात कुठेच नाही."

हसत म्हणाला. हे महत्त्वाचं.

मी विचारलं, मग नोंद काढली कुणी? तो म्हणाला, "काढली नाही रे, नव्हतीच." मी म्हणालो, कैद्याची नोंद नाही म्हणजे कुणीतरी पुसली. तो म्हणाला, "किंवा तो कैदी नव्हता." अशा सोप्या उत्तरांवर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. नोकरीतही नव्हता.

डेमियनचं बेरिलशी काय नातं आहे, हे तपासायचं. त्याच्या टेबलावर लॅमिंग्टन केकचा तुकडा होता. बेरिल लॅमिंग्टन करते.

घरी आलो तर नोरीन आणि टेगन स्वयंपाकघरात. मी शिरताच गप्प. एक कोरडेपणाने म्हणाली, "चहा?" दुसरी छताकडे बघत होती. मी चहा घेतला. पण नजर ठेवली.

८ जून, रविवार

आयरिस आत्याला भेटायला वृद्धाश्रमात. वय ब्याण्णव, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. घराण्यातलं जुनं माहीत असलेली ती एकटीच उरली आहे. मी हळूहळू खडा टाकून पाहायचं ठरवलं होतं, पण तिने दारातच विचारलं, "काय रे, आज कुणाला दंड करायला आलास?"

सायलसबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मटणासाठी आला."

कसलं मटण?

"त्याचा चुलतभाऊ आधी आला होता. त्याने कळवलं की इथे आठवड्यातून तीनदा मटण मिळतं. घरी रविवारी मिळालं तर मिळालं. बावीस वर्षांचा पोरगा, भूक मोठी, हातात कसब. आला. माझ्या आजोबांनी सांगितलेलं."

मी विचारलं, घोडा? ती म्हणाली, "कुठला घोडा?" मी विचारलं, चोरलेला. ती इतकी हसली की नर्स धावत आली.

स्पष्ट आहे, आत्याला पढवलंय. उशाशी फ्रूटकेकचा डबा होता. झाकणावर बेरिलच्या घरासारखीच फुलं. मटणासाठी कुणी अर्धी पृथ्वी ओलांडतं का? मला तर मटणासाठी दुसऱ्या गल्लीतल्या खाटकाकडे जायचाही कंटाळा येतो.

निघताना आत्या म्हणाली, "टेगनला म्हणावं, जायच्या आधी मला भेटून जा." मी हो म्हणालो. कुठे जायच्या आधी, हे विचारायचं राहिलं.

११ जून, बुधवार, रात्र

सगळा उलगडा होत चाललाय.

एक. नोरीन फोनवर, "तारीख पक्की झाली, पण त्याच्या डोक्यात शिरत नाहीये." त्याच्या म्हणजे कुणाच्या? मला बघितल्यावर, "काही नाही, तुझ्या मोज्यांचं बोलत होते." मोजे! रोजनिशी आता शेडमध्ये, पोळ्याच्या खोक्यात हलवली आहे.

दोन. टेगनने आपली गाडी विकली. इलेक्ट्रिशियनचं सगळं सामान ती त्याच मागून उघड्या गाडीत टाकून हिंडते. गाडीशिवाय ती काम कसं करणार? आणि कुणाला विकली? बेरिलच्या भाच्याला! मी टेगनला सरळ विचारलं, क्लूटरांशी तुझे काय व्यवहार चाललेत? ती म्हणाली, "बाबा, त्याने सगळ्यात जास्त किंमत दिली." मी विचारलं, किंमत गाडीची की माहितीची?  मग म्हणाली, "बाबा, मी जातेय, तुला कळतंय ना?" मी म्हणालो, जा जा, उशीर होईल.

माझ्या नातलगांनाच फोडायचा डाव आहे बेरिलचा. वंशावळीचा मोठा तक्ता मी आता फ्रिजच्या दारावर लावलाय, म्हणजे येता-जाता नजर राहील. फ्रिजवर आधी कसल्या कसल्या चिठ्ठ्या होत्या, त्या सगळ्या खाली गेल्या.

संकल्प: घरात सायलसचं नाव काढायचं नाही. (जेवताना चारदा काढलं. सवय.)

१४ जून, शनिवार

सकाळी टेगन दारात उभी, दोन गळ घेऊन. "बाबा, चल खाडीवर. पूर्वी जायचो तसे."

लहानपणी दर शनिवारी न्यायचो तिला. मासा तिला लागायचा आणि आमिष मी लावायचो, कारण गांडुळांची तिला किळस. वारा पडलेला, ओहोटीची वेळ. जावंसं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पण विचार केला, आजच का? आज दुपारी डेमियन मला इंग्लंडातल्या खटल्यांच्या नोंदी दाखवणार होता. नेमकं आजच मला खाडीवर नेऊन बसवायचं कुणाला सुचलं? म्हणालो, पुढच्या महिन्यात जाऊ.

ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात मी..." आणि थांबली. मग म्हणाली, "बरं. गांडुळं मीच लावते आता, माहितीये ना तुला?"

ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळ. सापडला!! ग्लॉस्टरशर, १८४१. सायलस सॅचवेल, एक घोडी चोरल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा. मी ग्रंथालयात इतक्या जोरात ओरडलो की लहान मुलांचा गोष्टींचा तास बंद पडला.

डेमियन खुसपटं काढत बसला. म्हणे हा मोची आहे, नालबंद नाही. मी म्हणालो, दोघे पायांचंच काम करतात. म्हणे परगणा वेगळा. मी म्हणालो, घोडी चोरल्यावर माणूस त्याच परगण्यात बसून राहील का? म्हणे याचं वय एकसष्ट आहे, तुझा बावीसचा. मी म्हणालो, तुरुंगात माणूस खंगतो. शेवटी तो म्हणाला, "आणि हा जहाजावर चढायच्या आधीच वारला, मर्विन."

हे त्याने सगळ्यांत शेवटी का सांगितलं? मला तिथेच संशय आला. मेलो असं दाखवून निसटला असणार. आमच्या घराण्यात डोकं आहे.

१७ जून, मंगळवार

बेरिलचा फोन. आवाजात मध. "मर्विन, तुझं अठ्ठावीसचं भाषण पुढच्या महिन्यात घेऊ या का? त्या संध्याकाळी सगळे बोलिंग क्लबात असणार."

अखेर मुखवटा गळाला. माझ्या भाषणाच्याच दिवशी, त्याच वेळी, तिने क्लबात काहीतरी काढलंय. मी थंडपणे म्हणालो, मला भाषण त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच सभागृहात करायचं आहे.

ती म्हणाली, "अरे, तुझ्याच घरचं कार्य आहे ते."

माझ्या घरचं कार्य आणि मला पत्ता नाही? असली थाप मारायलाही हिंमत लागते. फोन ठेवला. नोरीनला सांगितलं तर ती खुर्चीत बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नाही. म्हणाली, "मर्विन, मी तुला तीनदा सांगितलंय. टेगनने पाचदा. आता मी सांगणार नाही. तुझा तू शोध लाव, तू मोठा शोध लावणारा."

लावणारच आहे.

टी-शर्ट छापायला टाकला. पुढे 'घोडेचोराचा वंशज', मागे 'आणि अभिमान आहे'.

२१ जून, शनिवार

ऐन हिवाळा, कडाक्याची थंडी. टेगन दिवसभर आमच्याकडे. बोलावलं नव्हतं. माझ्या खोलीतला हीटर दुरुस्त केला. मागच्या दारावर दिवा लावला, मी गेली चार वर्षं लावणार होतो तो. धूर झाला की वाजणाऱ्या भोंग्यांचे सेल बदलले. मग वीजपेटीतल्या प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवली, 'ओव्हन', 'शेड', 'बाबाची खोली'. खाली मोठ्या अक्षरात, 'बाबा, स्वतः काही उघडू नकोस. वॉरेनला बोलव', आणि नंबर.

कोण हा वॉरेन? घरात इलेक्ट्रिशियन पोरगी असताना मी वॉरेनला का बोलवू?

इतकं नीटनेटकं तिने आजवर कधी केलेलं नाही. जणू ती नसताना...

भाषणाचा मसुदा पूर्ण. अठरा पानं. सायलसचं रेखाटन मी स्वतः काढलं. नाक माझं दिलंय.

२६ जून, गुरुवार

टी-शर्ट आला. मापाने जरा आखूड. छापणाऱ्याचं आडनाव विचारायला हवं होतं.

नोरीन लॅमिंग्टन करते आहे. ओट्यावर, टेबलावर, इस्त्रीच्या फळीवर, सगळीकडे खोबरं. एक उचलला तर हातावर चापट. "शनिवारसाठी आहेत."

कुणाच्या शनिवारसाठी? माझ्या भाषणाला तर फक्त चहा-बिस्किटं. म्हणजे माझी बायको माझ्याच पिठाचे लॅमिंग्टन घेऊन बेरिलच्या कार्यक्रमाला जाणार! तिथे रिकाम्या हाताने गेलं तर गावात नाव खराब होतं, हे मला मान्य. पण नवऱ्याचं नाव?

२८ जून, शनिवार, दुपारी दोन

नोरीन तयार झाली. निळा ड्रेस, लग्नाकार्यातला. म्हणाली, "तू सहापर्यंत ये. नाही आलास ना मर्विन, तर हे मी आयुष्यभर विसरणार नाही. आणि ती तर नाहीच." डोळे लाल. कांदा चिरला असावा. लॅमिंग्टनमध्ये कांदा नसतो, हे मला माहीत आहे.

मी भाषणाला जातोय. सत्य एकट्यानेच सांगावं लागतं.

२९ जून, रविवार, सकाळ

कालचं लिहून काढतो. क्रमाने. साक्षीदारासारखं.

पाच वाजता सभागृहात पोचलो. खुर्च्या चाळीस, माणसं शून्य. डेमियन किल्ल्या घेऊन दारात, जाकीट घालून. म्हणाला, "मी थांबलो असतो, पण मलाही जायचंय. चल ना माझ्याबरोबर." मी म्हणालो, कट पूर्ण झाला तर. तो किल्ल्या माझ्या हातात देऊन निघाला. मी रिकाम्या खुर्च्यांना पहिली चार पानं वाचून दाखवली. चांगली झाली होती.

मग डोकं फिरलं. सगळ्यांना रंगेहाथ पकडायचं ठरवलं. कोट काढला, टी-शर्ट दिसेल असा. अठरा पानं काखोटीला मारली आणि तडक बोलिंग क्लब. लाथेने दार उघडलं. सगळं गाव तिथे. बेरिल पुढेच, हातात पावलोवा केकची बशी. मी बोट रोखलं आणि ओरडलो, "सापडलात!"

टाळ्यांचा कडकडाट.

सगळे उभे राहिले. कुणीतरी शिट्टी मारली. बेरिल म्हणाली, "आला, आला, बाप आला! मला वाटलंच होतं, ऐन वेळी भारी काहीतरी करेल!" टी-शर्ट बघून लोक हसून लोळत होते. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. "बोल मर्विन!"

वर कापडी फलक होता. 'टेगन, सुखाने जा'. शेजारी कॅनडाच्या झेंड्यावरचं तांबडं मेपलचं पान, कागदाचं, वाकडंतिकडं कापलेलं. त्याखाली टेगन उभी. केस धुतलेले, ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी आमिष लावून होईपर्यंत अशीच उभी राहायची.

माझ्याकडे सायलसखेरीज काहीच नव्हतं. म्हणून सायलस वाचला. "तो बावीस वर्षांचा होता. त्याच्या हातात कसब होतं. एका सकाळी त्याने सामान बांधलं. तो का गेला, हे आजवर आपल्यापासून लपवण्यात आलं आहे."

मागून चाकांच्या खुर्चीतून आयरिस आत्या ओरडली, "मटणासाठी! आणि चोरबिर नव्हता. चोरी करायची अक्कलच नव्हती या घराण्यात!"

लोक हसले. पुढचं वाक्य मी वाचायला घेतलं. 'त्यानंतर त्याच्या घरच्यांनी त्याला पुन्हा कधीही पाहिलं नाही.' मीच लिहिलेलं वाक्य, त्यात वावगं काही नाही. पण निम्म्यावर घसा बसला. त्या क्लबातला हीटर फार कोरडा आहे, कमिटीकडे तक्रार करायला हवी.  मग टेगन आली आणि तिने माइक काढून घेतला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. टी-शर्ट ओला झाला. तिच्यामुळे.

बेरिलने मला पावलोवाचा मोठा तुकडा दिला. म्हणाली, "माझी दोन्ही मुलं दूर पर्थला असतात रे. मेंढीचोरांवर वेळ जातो माझा."

घरी आल्यावर मी नोरीनला म्हणालो, मला कुणी नीट सांगितलंच नाही. ती म्हणाली, "दोन गल्ल्या पलीकडे कुणी तुला शिवी घातली तरी तुला ऐकू यायचं, मर्विन. तुला सगळं ऐकू आलं."



३० जून, सोमवार, विमानतळ

टेगन आणि नोरीन सामानाच्या रांगेत. मी बाकावर.

आज तिला विचारलं. सरळच. का जातेस?

"काम भरपूर आहे, बाबा. माझी मैत्रीण ब्रूक तिथे आहे, ती म्हणते पगार इथल्या दीडपट. आणि मला बघायचंय."

एवढंच?

"एवढंच. अजून काय हवं? घोडी चोरून जाऊ का?"

आणखी काही असेल, घरात काही चुकलं असेल, कुणी काही बोललं असेल, म्हणून दोन-तीनदा फिरवून विचारलं. काही नाही. तीस वर्षांत इतकं खरं बोलणारा माणूस मला भेटला नव्हता आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

रात्री, घरी. फाटकाशी ती म्हणाली, "बाबा, आपण खाडीवर जायचं राहिलं." मी म्हणालो, पुढच्या महिन्यात. तोंडातून गेलं. ती हसली आणि आत गेली. वळून दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मध्ये एक लठ्ठ माणूस आला. त्याला हलायला सांगणार होतो, पण अधिकार राहिला नाही आता.

२ जुलै, बुधवार

डेमियनकडे गेलो. तो म्हणाला, "आता कुठला चोर शोधायचा?" मी म्हणालो, सायलसचा बाप शोध. आई पण.

सायलस जहाजातून उतरला तिथून पुढचं सगळं मला पाठ आहे. दोन लग्नं, अकरा मुलं, नालांचं दुकान. तो निघाला त्या दिवशी दारात कोण उभं होतं, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तक्त्यावर त्याच्या वर नुसती कोरी जागा आहे. डेमियन म्हणाला, नावं सापडतील कदाचित, त्याहून जास्त काही मिळणार नाही. मागे राहिलेल्यांचं कुणी लिहून ठेवत नाही.

दुपारी फोन वाजला. टेगनचा मेसेज. 'पोचले.'

एकच शब्द. पुढे काही नाही. मला हे ठीक वाटत नाही. नोरीनला दाखवला. म्हणालो, एवढंच का लिहिलं, सांग. काहीतरी लपवते आहे. नक्की रडली असणार.

नोरीनने फोन पुसून माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "ती नाही रे, तू."